अक्रोड, रक्तदाब आणि कानडीची वही

पत्र

सविनय नमस्कार. माझे वय ६६ असून मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. एका सहकारी बँकेत ३४ वर्षे नोकरी करून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या वर्षभरात माणसांची नावे ऐनवेळी आठवेनाशी झाली आहेत. चष्मा आणि किल्ल्या शोधण्यात सकाळ जाते. परवा गॅस बंद केला की नाही, हे पाहण्यासाठी अर्ध्या जिन्यातून परत वर गेले. यजमान ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून थट्टा करतात आणि मीही हसते, पण रात्री झोप लागत नाही. माझी आई शेवटची सहा वर्षे मला ओळखत नव्हती. तिचे विसरणे वयाच्या ७८ व्या वर्षी सुरू झाले होते. ती दुसरीपर्यंत शिकलेली होती, उतारवयात तिला ऐकू येत नसे आणि रक्तदाब तर कधी कुणी तपासलाच नाही.

मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे व त्यासाठी मेटफॉर्मिन घेते. मी माळकरी असल्याने मांस, मासे, अंडी वर्ज्य आहेत. मोबाइलवर वाचून रोज सकाळी आठ बदाम आणि चार अक्रोड भिजवून खाते, ब्राह्मीच्या गोळ्या घेते आणि दुपारी तासभर सुडोकू सोडवते. मेंदूसाठी आहारात आणखी काय घ्यावे? या वयात नवीन काही शिकल्याचा उपयोग होतो का? मुलगी गोकाकला दिली आहे, नात दुसरीत आहे आणि त्या घरात सगळे कानडी बोलतात. मला कानडी शिकावीशी फार वर्षांपासून वाटते, पण नात हसेल आणि व्याह्यांच्या घरी ते शोभणार नाही, म्हणून राहून गेले. रक्तदाबाची गोळी आहे, पण दाब फारसा नसतो म्हणून ती कधी घेते, कधी राहते. टीव्हीचा आवाज मी फार मोठा ठेवते, अशी घरच्यांची तक्रार असते. अलीकडे तळपायांना मुंग्याही येतात, पण ते वयाचे असावे.

— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही विचारले आहे आहाराबद्दल आणि शिकण्याबद्दल. परंतु ज्या तीन गोष्टींवर तुमच्या मेंदूचे पुढील वीस वर्षांचे आरोग्य अधिक अवलंबून आहे, त्या तुम्ही जाता जाता, कागदावर जागा उरली म्हणून लिहाव्यात तशा लिहिल्या आहेत : कधी घेतलेली आणि कधी राहिलेली रक्तदाबाची गोळी, टीव्हीचा मोठा आवाज आणि तळपायांच्या मुंग्या. म्हणून बदाम-अक्रोड थोडा वेळ बाजूला ठेवून मी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून उत्तराला सुरुवात करते.

तळपायांच्या मुंग्या केवळ वयामुळे येत नाहीत. अकरा वर्षांच्या मधुमेहात त्या साखरेमुळे येऊ शकतात, हे खरे. पण तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आधी तपासले पाहिजे आणि ते म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात नसते. तुमच्यासारख्या माळकरी व्यक्तीला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. त्यात वयानुसार जठरातील आम्ल कमी होत गेल्याने अन्नातून ते सोडवून घेण्याची शक्ती घटते, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये त्याचे शोषण आणखी कमी होते. पित्तासाठी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्याही हेच करतात. तुम्ही त्या घेत असाल, तर डॉक्टरांना तेही सांगा. म्हणजे हे जीवनसत्त्व कमी होण्याची तीन स्वतंत्र कारणे तुमच्या एकटीच्या ठायी एकत्र आली आहेत. बी-१२ कमी झाले की मज्जातंतूंवरील आवरणाची डागडुजी नीट होत नाही आणि मग मुंग्या, चालताना तोल जाणे, उदासी आणि विसरभोळेपणा अशी लक्षणे दिसू लागतात. विसरण्याच्या ज्या मोजक्या कारणांवर खात्रीचा आणि स्वस्त उपाय आहे, त्यांपैकी हे एक आहे. मात्र उशीर झाला तर मज्जातंतूंची झीज पूर्ण भरून येत नाही. तेव्हा येत्या आठवड्यात रक्त तपासून घ्या आणि त्याच वेळी थायरॉइड व तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचीही तपासणी करा. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी चालू ठेवून बी-१२ वेगळे देता येते.

आता रक्तदाब. ‘दाब फारसा नसतो, म्हणून गोळी कधी राहते’ हे वाक्य मी दवाखान्यात पस्तीस वर्षे ऐकले आहे आणि त्याला माझे उत्तर नेहमी एकच असे : दाब फारसा नसतो, तो गोळीमुळे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि ती त्याला रक्तातून सतत मिळावी लागते. मेंदूच्या आतल्या भागात जाणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या कोणालाही विचारा, मुख्य पाटात पाणी भरपूर दिसत असतानाही टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे रान कसे कोरडे राहते ते तो सांगेल. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि टेलच्या भागातील पेशी, कोणालाही कळू न देता, थोड्या थोड्या वाळत जातात. पक्षाघाताचा मोठा झटका आला तर सगळ्यांना दिसतो. हे बारीक नुकसान कुणाला दिसत नाही. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतील सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत गावपातळीवरील वैद्यकांनी चार वर्षे नेटाने दाब आटोक्यात ठेवला, तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर गावांपेक्षा १५ टक्के कमी राहिले. अक्रोडाच्या वाट्याला असा निष्कर्ष अजून आलेला नाही. दाब मोजण्याचे यंत्र घरी आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून मोजा आणि आकडे वहीत लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला नोंदी कशा ठेवाव्यात, हे मी सांगायला नको.

टीव्हीच्या आवाजाची तक्रारही खरी माना. कानाला कमी ऐकू येऊ लागले की समोरचा काय बोलला, ते जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते आणि जे धड ऐकलेच नाही, ते नंतर आठवत नाही. लोक त्यालाच विसरभोळेपणा समजतात. पुढे माणूस समारंभात कोपऱ्यात बसू लागतो, मग जाणेच टाळतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर श्रवणयंत्राने तीन वर्षांत फरक पडला नाही; पण ज्यांना रक्तदाब, मधुमेह अशा कारणांनी धोका अधिक होता, त्या गटात बौद्धिक घसरणीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. तुम्ही या दुसऱ्या गटात मोडता. कानांची तपासणी करून घ्या आणि यंत्र लावावे लागले तर चष्म्याइतकेच ते सहज लावा.

तुमच्या भीतीबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. माणसाचे नाव जिभेवर असून न सुचणे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ते अचानक आठवणे, हे साठीनंतरचे सर्वसामान्य मंदावणे आहे. नाव हरवलेले नसते, ते शोधायला वेळ लागतो. गॅस बंद केला की नाही, हे पाहायला तुम्ही परत गेलात, याचा अर्थ गॅसची आठवण तुम्हाला होती. काळजी करण्याजोगी लक्षणे निराळी असतात : तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणे आणि आधी विचारल्याचे अजिबात न आठवणे, महाद्वार रोडवरून मंगळवार पेठेत परतताना ओळखीचे वळण न ओळखणे, ज्या हिशेबावर हात बसला होता, तोच वारंवार चुकणे, स्वभाव पालटणे, आणि मुख्य म्हणजे हे सारे स्वतःपेक्षा घरच्यांच्या आधी लक्षात येणे. यांपैकी काही दिसू लागले, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर काही आठवड्यांत विसरणे एकदम वाढले, तर दिवस न घालवता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. आज तुमच्या पत्रात तसे काही नाही. जे पत्र तुम्ही लिहिले आहे, तेच त्याचा बऱ्यापैकी पुरावा आहे.

आईला झाले म्हणून मला होणारच, हे गणितही तपासून घेऊ. आई-वडिलांपैकी एकाला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला असेल तर मुलांचा धोका काहीसा वाढतो, हे नाकारता येत नाही. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुरू झालेला आजार हा मालमत्तेसारखा वारसाहक्काने येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठीपुढच्या शंभरांपैकी सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे ब्याण्णवांहून अधिक जणांना नाही. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा हिशेब केला. बालपणी शिक्षण कमी मिळणे, ऐकू न येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा ही त्यांतील काही कारणे. आता तुम्ही स्वतः आईबद्दल लिहिलेली वाक्ये पुन्हा वाचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तरीही तुमच्या आईच्या पिढीतील कितीतरी मुली दुसरी-तिसरीतून घरकामासाठी काढून घेतल्या गेल्या. तिचा दाब कुणी मोजला नाही, तिच्या कानांचा उपाय झाला नाही. तुमचे शिक्षण झाले, ३४ वर्षे तुम्ही डोक्याने काम केले आणि वयाच्या ६६ व्या वर्षी तुमच्या हाती गोळी, यंत्र आणि प्रयोगशाळा आहे. तिची आणि तुमची गोष्ट एक नाही.

तुमच्या व्यवसायातला शब्द वापरायचा तर मेंदूचीही गंगाजळी असते. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा त्यांच्या मृत्यूपर्यंत अभ्यास करण्यात आला आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदूही तपासण्यात आले. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर आढळल्या, तरी हयातीत त्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती. शिक्षण, वाचन, अवघड काम आणि माणसांचा सहवास यांनी मेंदूत पर्यायी वाटा तयार होत असाव्यात आणि एक वाट बंद पडली की काम दुसरीने भागत असावे, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. ही गंगाजळी बालपणी सर्वांत जास्त जमते, पण निवृत्तीनंतर खाते बंद होते असे नाही.

आता आहार. आठ बदाम आणि चार अक्रोड खाण्यात काही वावगे नाही, परंतु अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला उपयोगी, हा तर्क सुंदर असला तरी चाचणीला उतरलेला नाही. स्पेन आणि अमेरिकेतील सुमारे सातशे निरोगी वृद्धांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज अक्रोड खायला दिले, आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला तो असा, की एकंदर गटाच्या बुद्धीत न खाणाऱ्यांच्या तुलनेत फरक दिसला नाही. दुसरी चाचणी तुमच्या अधिक जवळची आहे. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश होता, वजन जास्त होते आणि आहार यथातथाच होता, अशा पासष्टीपुढच्या ६०४ अमेरिकी लोकांपैकी अर्ध्यांना पालेभाज्या, कडधान्ये, अख्खी धान्ये, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे अशा, मेंदूसाठी खास जुळवलेल्या आहारावर तीन वर्षे ठेवले आणि उरलेल्यांना नेहमीचेच अन्न थोडे कमी खायला सांगितले. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गट किंचित सुधारले होते आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. यातून आहार निरुपयोगी ठरत नाही. आहार काम करतो तो मुख्यतः रक्तदाब, साखर, वजन आणि धमन्या यांच्या मार्गाने, वर्षानुवर्षे, आणि कोणताही एक पदार्थ एकटा ते काम करत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

गंमत अशी, की परदेशी तज्ज्ञ जे ताट सुचवतात ते आपल्या आजीच्या ताटापासून फार दूर नाही. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. पोकळा, तांदळी, चाकवत, मेथी यांपैकी एक पालेभाजी रोज, आणि ती चमचाभर नव्हे तर वाटीभर. मटकी, हुलगे किंवा अख्खा मसूर. कारळाची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. कांदा-काकडी आणि ताक. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ असते. मेंदूला लागणाऱ्या रूपात शरीर त्यातील थोडाच भाग बदलू शकते, पण धमन्यांसाठी ते चांगले आहे आणि अक्रोडाच्या भावात जवस कितीतरी महिने पुरते. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिने लागतात, म्हणून उसळ आणि दही यांत काटकसर करू नका.

कोल्हापूरच्या ताटात अडचण आहे ती दुसरीकडे. आपल्याला तिखटाचा अभिमान आहे आणि तिखटाने मेंदूचे काही बिघडत नाही. पण खर्डा, लोणचे, पापड, भडंग आणि मिसळीवरचे फरसाण यांतून तिखटाच्या आडून मीठ पोटात जाते. दिवसाकाठी एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमटी-भाजीत ते बहुतेक संपलेले असते. दुसरी अडचण गुळाची. ‘साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेते’ असे सांगणारे मधुमेही या शहरात मला जितके भेटले, तितके इतरत्र भेटले नाहीत. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा मलाही आनंद आहे. पण गूळ हा बहुतांश साखरच असतो आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. गोकाकहून येणाऱ्या करदंट या गुळाच्या मिठाईच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. एकादशीचा उपवास तुम्ही सोडणार नाही आणि मी सांगणारही नाही, फक्त ‘एकादशी, दुप्पट खाशी’ होऊ न देता साबुदाण्याऐवजी वरी, शेंगदाणे, दूध आणि फळ असा मध्यम मार्ग काढावा. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा एकदम उतरत नाही; पण पुढे दुसरी गोळी जोडली गेली, तर उपवासाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, कारण फार खाली गेलेली साखर मेंदूला तत्काळ इजा करते.

ब्राह्मीबद्दल थोडक्यात. तिच्यावरील अभ्यास लहान आणि काही आठवड्यांचे आहेत. स्मृतिभ्रंश टळतो असे म्हणण्याइतका आधार त्यांत नाही. याच कामासाठी परदेशात प्रसिद्ध असलेल्या गिंको नावाच्या वनस्पतीची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर कित्येक वर्षे चाचणी झाली आणि २००८ मध्ये ती निरुपयोगी ठरली. ते पैसे श्रवणयंत्रासाठी बाजूला ठेवलेत तर मला जास्त बरे वाटेल.

शिकण्याच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम शेवटी आले, कारण तेथे तुम्हाला स्वतःलाच उत्तर माहीत आहे आणि तुम्हाला फक्त कुणाची तरी संमती हवी आहे. सुडोकू सोडवल्याने माणूस सुडोकूत तरबेज होतो. ज्या कामाचा सराव करावा, त्या कामात प्रगती होते आणि ती दुसऱ्या कामात फारशी झिरपत नाही, असेच अशा सरावांच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. तुम्ही तासाभरात जे कोडे हातासरशी सोडवता, ते मेंदूला विरंगुळा देते. शिकण्यात जे श्रम असतात, ते त्यात उरलेले नाहीत. अमेरिकेतील डॅलस येथे साठीपुढच्या लोकांचे गट करून एक प्रयोग झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा कापडाचे तुकडे जोडून वाकळी शिवण्याची तेथील कला शिकवली, काहींनी एकत्र जमून गप्पा, सहली आणि खेळ केले, तर काहींनी घरी बसून सोपी कोडी सोडवली. घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली ती अवघड आणि नवे शिकणाऱ्यांची. आपल्याकडच्या एखाद्या आजीला तीन महिने वाकळ शिवून काही होणार नाही, कारण ती तिला येतेच. त्या बायकांना ती येत नव्हती, हे महत्त्वाचे.

कानडी तुम्हाला येत नाही. म्हणून ती शिका. २०१३ मध्ये हैदराबादमधील स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषी लोकांच्या तुलनेत सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांमध्येही तो फरक होता. हे लोक आयुष्यभर त्या भाषा बोलत आलेले होते आणि निरोगी माणसांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत असा फरक मिळाला नाही, त्यामुळे सहासष्टाव्या वर्षी कानडी घेतली की साडेचार वर्षे पदरात पडली, असा हिशेब कृपया मांडू नका. मी कानडीचा आग्रह धरते, तो ती अवघड आहे, तुमच्या रोजच्या उपयोगाची आहे आणि तिच्या पलीकडच्या टोकाला एक मुलगी तुमची वाट पाहते आहे म्हणून. पाठ झालेले अभंग तुम्ही झोपेतही म्हणाल. पण ज्या विठोबाला संतांनी कानडा म्हटले, त्याची दुसरी भाषा वाचायला बसलात की पहिल्या आठवड्यात घाम फुटेल.

शिकण्याची रीत महत्त्वाची आहे. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचत बसण्यापेक्षा वही मिटून आठवून पाहणे अधिक टिकाऊ ठरते, आणि एका दिवशी तीन तास बसण्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा आठवणे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग आणि अंतर ठेवून केलेल्या उजळणीचा फायदा दाखवून दिला आणि तो आजही मान्य आहे. रोज पाच शब्द पुरेत. ते हाताने लिहा, कानडी लिपीतच लिहा, देवनागरीची कुबडी फार दिवस ठेवू नका. ओळखीच्या खुणाही भेटतील : आपण घरात हाक मारतो ते अण्णा आणि अक्का त्या बाजूचेच आहेत. मी स्वतः एकसष्टाव्या वर्षी मोडी शिकू लागले, तेव्हा वर्गात माझ्या नातीच्या वयाची मुले माझ्या दुप्पट वेगाने वाचत असत आणि पहिले दोन महिने मला एकही ओळ अखंड लागली नाही. एक जुनी सावकारी पावती पूर्ण वाचली त्या दिवशी मी घरी येऊन ती तीन जणांना ऐकवली. सुरुवातीची ती खटपटच कामाची असते. पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासून ते आपल्या शहरात उभे आहे आणि तेथे जाण्यायेण्यात चालणेही होते.

चालण्यावर मी वेगळे प्रवचन देत नाही. अमेरिकेत १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे झपाझप चालायला लावले, तेव्हा त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे २ टक्के वाढला, आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो थोडा आकसला. हे २०११ चे काम आहे. रंकाळ्याच्या काठाने सकाळी चाला, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, आणि कालचे पाच शब्द त्या वेळी आठवा. झोप लागत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणत असाल तर ती थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. झोपेच्या कित्येक गोळ्या आणि सर्दीची जुनी औषधे वृद्धांची स्मृती धूसर करतात. दुचाकी चालवत असाल किंवा यजमानांच्या मागे बसत असाल, तर हेल्मेट घाला. कोल्हापुरात हा शब्द काढणे धाडसाचे आहे याची मला कल्पना आहे, पण डोक्याचा मार हे त्या चौदा कारणांपैकीच एक आहे.

राहता राहिला तुमचा संकोच. व्याह्यांच्या घरी शोभणार नाही, हे मला पटत नाही. विहिणीने तोडक्यामोडक्या कानडीत ‘ऊट आयता?’ म्हणून जेवण झाले का ते विचारले, तर त्या घरात त्या दिवशी दुसरा विषय निघणार नाही. नात मात्र हसेल. मराठीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद नाहीत, कानडीत आहेत. तुम्ही ‘एक’ या अर्थाचा ‘ओंदु’ म्हणताना ओ लांबवाल, ‘वाच’ या अर्थाच्या ‘ओदु’ मध्ये तो आखूड कराल, आणि दुसरीतली मुलगी अशी चूक सोडत नसते. फोनवर तिला ते शब्द दोनदा म्हणून दाखवायला सांगा, ऐकून वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी फोन केलात की वही न उघडता तुम्ही तिला म्हणून दाखवा.